पणजीचं नाव चालतं, मावशीचं का चालत नाही?

भाचीच्या फ्रिजवर गेले तीन आठवडे एक कागद लावलेला आहे. वर ‘मुलगी’ असं लिहून खाली चौदा नावं. त्यातल्या सहांवर काट मारलीय, आणि ती कुणी मारली हे शाईवरून कळतं. निळी काट सासूबाईंची, हिरवी जावयांची, आणि पेन्सिलीची हळूच मारलेली भाचीच्या दिरांची, ज्यांना कुणी विचारलेलंच नव्हतं. ‘सुनीता’ हे नाव बहुधा गमतीनं लिहिलं असावं, कारण त्याच्यावर तिन्ही काटा आहेत. ‘गोदावरी’वर एकही नाही. पुढे फक्त एक प्रश्नचिन्ह आहे.

बारसं सव्वा महिन्यानंतर ठेवलंय, म्हणजे अजून वेळ आहे. मी २८ वर्षं हायस्कुलात हजेरी घेतली म्हणून भाचीनं मला बोलावलं. म्हणाली, “मावशी, सुनीता जुनं नाव, गोदावरीही जुनं नाव. गोदावरी तर जास्तच जुनं. मग सुनीता म्हटलं की हसू का येतं आणि गोदावरी म्हटलं की बरं का वाटतं?”

मी चहा घेतला आणि सांगायला बसले. घरी आल्यावर वाटलं, हे लिहूनच काढावं.

नाव ऐकलं की आपल्याला त्याच्या आत एक वय ऐकू येतं. मी नोकरीला लागले तेव्हा, १९९० च्या आसपास, आठवीच्या पटावर सचिन, अमोल, संदीप, योगेश, राहुल असायचे. मुलींत मनीषा, अश्विनी, स्वाती, वैशाली, रूपाली. एका तुकडीत तीन सचिन होते. ‘सचिन’ म्हटलं की तिघं उभे राहायचे, म्हणून मी आडनावानं हाक मारायला लागले. पुढे अक्षय, सागर, प्रियांका, प्राजक्ता आल्या-आले. नोकरीच्या शेवटी प्रथमेश, आदित्य, साक्षी, सानिका, वैष्णवी. पण त्याच इमारतीत शिक्षकांच्या खोलीत गेलं की वेगळंच दशक सुरू व्हायचं: सुनीता, शोभा, वंदना, मंगल, विजया. निवृत्त मुख्याध्यापिकांच्या फोटोंखाली सुशीला, मालती, शकुंतला. आणि मुलाला आई नसली की पालकसभेला जी आजी यायची, ती थरथरत्या हातानं सही करायची, ‘गोदावरी’ किंवा ‘यमुना’.

म्हणजे एका शाळेत नावांचे चार थर. भाचीच्या पिढीला सुनीता म्हटलं की बँकेच्या काउंटरवरच्या, चष्मा नाकावर घेतलेल्या बाई दिसतात. तिच्या ओळखीत अशा पाचसहा सुनीता आहेत, आणि त्या चांगल्या धडधाकट आहेत. गोदावरी तिनं पाहिलेलीच नाही. ज्या होत्या त्या गेल्या, आणि जाताना नावावरचं वयाचं ओझंही घेऊन गेल्या. नाव पुन्हा कोरं झालं. म्हणून पणजीचं नाव गोड लागतं आणि मावशीचं लागत नाही. (माझं नावही त्या ‘ता’च्या घराण्यातलंच आहे. कागदावर ते नव्हतं, इतकी माया भाचीनं दाखवली.)

आई-मावशी, आत्या-काका यांच्या पिढीची नावं सगळ्यात शिळी लागतात. आजी-आजोबांची अर्धी शिळी, अर्धी ताजी. पणजी-पणजोबांची ताजी. सुनीताचं वाईट वाटून घेऊ नका, अजून ४०-५० वर्षांनी कुणाच्या तरी फ्रिजवर तिच्यावर काट नसेल.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी खात्याकडे १८८० पासूनची जन्मनावांची मोजदाद आहे, दरवर्षी यादी लागते. त्यात ‘एमा’ हे मुलीचं नाव १८८० साली तिसरं होतं. मग ते घसरत गेलं, पार आजीबाईंचं नाव होऊन बसलं. आणि २००८ मध्ये ते पहिलं आलं, पुढे २०१४ ते २०१८ अशी पाच वर्षं सलग पहिलं. स्टॅन्ली लीबरसन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं यातली एक गंमत दाखवून दिली. कपड्यांची फॅशन बदलावी म्हणून कंपन्या जाहिराती करतात. नावं तर फुकट मिळतात, त्यांची जाहिरात कुणी करत नाही, तरी त्यांची फॅशन बदलतेच. म्हणजे ती आतूनच बदलते: सगळ्यांना थोडंसंच वेगळं हवं असतं, फार वेगळं नको असतं, आणि त्या ‘थोडंसं’नंच नावं पुढे सरकत राहतात.

‘थोडंसं वेगळं’ म्हणजे काय ते मराठी नावांत स्पष्ट दिसतं. सुनीता आली, तिच्यामागे अनिता, कविता, सरिता, संगीता, नमिता. राजेश आला, मागोमाग महेश, दिनेश, नीलेश, शैलेश, मंगेश. एकाच शेपटीची नावं एकत्र येतात आणि एकत्रच जातात. आज आरव, विहान, कियान, अयान यांची रांग लागलीय. त्यातल्या एकट्याचं नाव जुनं होणार नाही, सगळी रांगच एके दिवशी जुनी होईल. फ्रान्स आणि अमेरिकेतल्या शंभर वर्षांच्या नावांवर २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात असं दिसलं की जे नाव झपाट्यानं वर जातं ते झपाट्यानं खालीही येतं. हळूहळू रुळलेलं नाव हळूहळूच मावळतं.

आपल्याकडे अशी सरकारी यादी दरवर्षी लागत नाही. पण एक कागद आहे, आणि तो कुणीही बघू शकतं: मतदारयादी. नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, वय, सगळं शेजारी शेजारी छापलेलं असतं. आपल्या वॉर्डाची यादी उघडा आणि फक्त वयाच्या रकान्यावरून बोट फिरवत जा. ८० च्या पुढे एक वस्ती, ६० ला दुसरी, ४० ला तिसरी. एखादं जुनं नाव मनात असेल तर ते कोणत्या वयाच्या बायका-पुरुषांचं आहे ते बघा. ६० च्या आसपास गर्दी असेल तर नाव अजून शिळं आहे. ८५ च्या पुढे एखादंच असेल किंवा नसेलच, तर ते मोकळं झालंय. कोकणस्थांसारख्या काही समाजांत छापलेले कुलवृत्तांत असतात. त्यात तर सात-आठ पिढ्या मिळतात. मात्र जुन्या कुलवृत्तांतांत बायकांची नावं शोधायला गेलात तर धीर ठेवा.

शेपूट कापून बघा

वयाचा हिशोब झाला, तरी सगळी मोकळी नावं परत येत नाहीत. मल्हार परत आला, सखाराम आला नाही. अहिल्या आली, मथुरा आली नाही. का?

माझं निरीक्षण असं की नाव परत येतं ते शेपूट कापून येतं. मल्हारराव होते, त्यातला राव गेला आणि मल्हार राहिला. अहिल्याबाईंची अहिल्या झाली, मुक्ताबाईंची मुक्ता, जिजाबाईंची जिजा, माधवरावांचा माधव. बाई, राव, पंत, बा, जी ही अक्षरं नावात आदर म्हणून आली होती. आता तीच वय वाढवतात. ज्यांना ती काढून टाकता आली ती नावं सुटली. सखाराम, तुकाराम, आत्माराम, सीताराम यांचं शेपूट नावातच विणलेलं आहे, ते कापलं तर ‘सखा’ उरतो, आणि सखा हे नाव ठेवायला वेगळी छाती लागते.

दुसरी गोष्ट उच्चाराची. देव तोच, नदी तीच, पण ऐकायला बदललं की चालतं. शंकर नको, रुद्र हवा. रामचंद्र नको, राघव हवा. सीता नको, पण मैथिली, वैदेही, जानकी चालतात. सगळ्यात मजेशीर नर्मदा. नर्मदा म्हटलं की लोकांना नऊवारी दिसते. रेवा म्हटलं की बाळाचं झबलं दिसतं. रेवा हे नर्मदेचंच दुसरं नाव आहे! तेव्हा एखादं जुनं नाव मनापासून हवं असेल आणि घरात काटा पडत असतील, तर त्याच देवाची, त्याच नदीची, त्याच फुलाची बाकीची नावं काढून बघा. पर्यायी नावांच्या बाबतीत आपली भाषा फार श्रीमंत आहे.

अर्थाचाही खोळंबा होतो. लग्नपत्रिकांत विधवा बाईच्या नावाआधी ‘गं. भा.’ छापायची पद्धत होती, म्हणजे गंगा भागीरथी. मला वाटतं, गंगा आणि भागीरथी या दोन सुंदर नावांवर पडलेली सावली तिथली आहे. ती पद्धत ज्यांनी पाहिलीच नाही त्यांना ही सावली दिसणार नाही. तुमच्या घरात अजून ती पाहिलेली माणसं असतील, तर आधी त्यांना विचारा.

काही नावं लोकांनी फेकून दिली

इथे मात्र थांबायला हवं. जुनं नाव म्हणजे एकच गोष्ट नाही. काही नावं फॅशनमधून गेली, आणि काही नावं लोकांनी जाणूनबुजून अंगावरून उतरवली.

दगडू, धोंडू, भिकू, केरबा ही नावं का ठेवत? आधीची मुलं दगावलेली असली की या मुलाकडे मरणाचं लक्ष जाऊ नये म्हणून त्याला टाकाऊ वस्तूचं नाव द्यायचे. दगड, धोंडा, भीक, केर. अशा नावामागे बहुतेक वेळा एखादं गेलेलं मूल असतं. ती आईबापांची भीती होती आणि तीत वेडीवाकडी का होईना माया होती. पण गावगाड्यात खालच्या मानलेल्या जातींच्या वाट्याला अशी नावं निवड म्हणून आली नाहीत. बरं नाव ठेवलं तर वरच्यांना खपायचं नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला डॉ. आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली, आणि त्यानंतर त्या घराघरांतून गौतम, सिद्धार्थ, राहुल, संघमित्रा, सुजाता, विशाखा, यशोधरा, रमा अशी नावं पुढे आली. ती माणसं फॅशनमागे गेली नव्हती, त्यांनी जुनं नाव नाकारलं होतं. आज कुणी सुखवस्तू घरात बाळाचं नाव ‘दगडू’ ठेवलं तर चारचौघांत कौतुक होईल, किती वेगळं, किती मातीतलं म्हणून. ज्याच्या आजोबांना हे नाव नकोसं असूनही वागवावं लागलं, त्याला काय वाटेल हेही ठेवणाऱ्यानं मनात धरावं.

मुलींचंही असंच. ‘नकोशी’, ‘नकुशा’ ही नावं तिसरी-चौथी मुलगी झाली की ठेवायचे. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात २८५ मुलींनी एका समारंभात ही नावं टाकून नवी घेतली. या नावांना परत आणायचं काही कारण मला दिसत नाही.

माझ्या शाळेत डोंगरातल्या पाड्यांवरून मुलं यायची. त्यांच्या वडिलांची नावं जन्मवाराची: सोमा, मंगळ्या, बुध्या. मुलांची मात्र राजेश आणि संदीप. शाळेत दाखल करताना कुणीतरी ‘चांगलं’ नाव सुचवलं की बदल व्हायचा. मीही सुचवलं असेल, आठवत नाही. आता विचार केला तर सोमा या नावात वाईट काय होतं?

पणजीचं नाव कोणतं?

समजा घरात ठरलं की पणजीचं नाव ठेवायचं. तर पहिला प्रश्न, कोणतं? तिला दोन होती.

आमच्याच घरात हा घोळ झाला. भाची जिला पणजी म्हणते, ती माझी आजी. तिचं सासरचं नाव आम्हा सगळ्यांना पाठ. घराच्या पाटीवर, रेशनकार्डावर, श्राद्धाला तेच. ती गेली त्याच्या आदल्या वर्षी मी तिच्या पायाला तेल लावत होते, तेव्हा तिनं सहज सांगितलं की मला माहेरी दुसऱ्याच नावानं हाक मारायचे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं नवं नाव लिहिलं ते तिला अजिबात आवडलं नव्हतं. नवऱ्याच्या मोठ्या बहिणीनं सुचवलेलं होतं. “६२ वर्षं ओ देत आलेय,” म्हणाली. तिची दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही. एक तिला आवडत नव्हतं, आणि दुसरं तिनं एवढं जपून सांगितलं होतं.

ही घराघरातली गोष्ट आहे. डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी माहेरच्या यमुना. रमाबाई रानडे, त्याही माहेरच्या यमुनाच. लोकमान्य टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई माहेरी तापी होत्या. आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह करून ज्या आनंदीबाई झाल्या, त्या आधीच्या गोदूबाई. यमुना, यमुना, तापी, गोदा. चारही नद्या, आणि चारही लग्नाच्या ताटात बुजल्या. हे भाचीला सांगितल्यावर तिनं फ्रिजवरच्या कागदाकडे पाहिलं, काही बोलली नाही.

तेव्हा पणजीचं नाव ठेवताना घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारून घ्या: हे तिचं कुठलं नाव, आणि तिला ते आवडायचं का? ती हयात असेल तर थेट तिलाच विचारा. काही आज्या हरखतात. काही म्हणतात, माझं नको गं बाई, माझे भोग तिच्या वाट्याला नकोत. तसं म्हणाल्या तर ऐका.

पुरुषांच्या बाजूला घोळ वेगळा. नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत होती, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव उच्चारायचं नाही हीही रीत होती. मग आईनं स्वतःच्या मुलाला हाक कशी मारायची? म्हणून घराघरांत बाळ, नाना, बापू, अप्पा, अण्णा, भाऊ तयार झाले. टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव. जगाला ठाऊक आहे ते बाळ. जुन्या कागदांत एक नाव आणि घरच्या आठवणीत दुसरंच असं दिसलं तर गोंधळू नका, तो माणूस बहुधा एकच आहे.

जुन्या नावांत गावही असायचं. पांडुरंग, रखमा, चंद्रभागा म्हटलं की पंढरीची वाट. खंडेराव, म्हाळसा म्हणजे जेजुरी. त्र्यंबक, गोदावरी नाशिककडची. तुळजा तुळजापूरची, रेणुका माहूरची, जोतीराम कोल्हापूरच्या बाजूचा, रवळू तळकोकणातला. गोव्यात मंगेश, नागेश, रामनाथ, दामोदर हे देवळांचे देव माणसांच्या नावात येऊन बसलेले. वाईची कृष्णा वेगळी आणि वृंदावनातला कृष्ण वेगळा. आजच्या नावांत हा पत्ता नाही. कियान कुठलाही असू शकतो. म्हणून कुणी मला विचारलं की जुन्यातलं कोणतं घ्यावं, तर मी म्हणते आपल्या कुलदेवतेच्या गावाला जाऊन या, देवळातल्या देणगीच्या फरशा वाचा. संगमरवरावर कोरलेली नावं बघा. पुस्तकातल्या दहा हजार नावांपेक्षा तिथल्या ४० नावांत तुमचं काहीतरी सापडेल.

तिसऱ्या मजल्यावरून हाक

नाव ठरलं की त्याची हाक मारून बघायची, आणि तीही शाळेतल्या पोरांच्या तोंडून. मराठी पोरं कुठल्याही नावाला ‘या’ लावतात. गणेशचा गण्या, प्रकाशचा पक्या, सचिनचा सच्या. हे टळत नाही. जुन्या नावांचं या परीक्षेत काय होतं बघा. केशवचा केश्या, ठीक. माधवचा माध्या, चालतंय. पण मुकुंदचा मुक्या होतो, आणि गोविंदचा गोंद्या. मुकुंद माझं फार आवडतं नाव, तरी २८ वर्षांत मी एका मुकुंदाला त्या ‘मुक्या’मुळे मागच्या बाकावर जाऊन बसलेला पाहिलाय. मुलींत वत्सलेची वच्छी, यमुनेची यमी, गोदावरीची गोदी. तुम्हाला हे ऐकवत नसेल तर आधीच एक गोड हाक ठरवून टाका आणि पहिल्या दिवसापासून तीच वापरा. हाकेची जागा रिकामी ठेवली तर पोरं ती भरतात.

पत्रिकेच्या अक्षराचं दोन शब्दांत सांगते. २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणून १०८ अक्षरं, त्याला अवकहडा चक्र म्हणतात. अश्विनीला चू, चे, चो, ला. मघेला मा, मी, मू, मे. पण हस्ताच्या चरणांत ष, ण, ठ आहेत आणि आर्द्रेत ङ आहे. तिथे आजची पुस्तकं हात टेकतात. जुनी माणसं ‘ठ’वर ठकू आणि ठमा ठेवून मोकळी व्हायची. आज बहुतेक घरांत ते अक्षर फक्त पत्रिकेत राहतं, हाकेचं नाव वेगळं ठेवतात.

एक भाषेतली बारीक गोष्ट, जी मला शिक्षिका म्हणून खुपते. पूर्वी ‘रमेनं सांगितलं’, ‘गंगेला बोलाव’ म्हणत. आज शेजारच्या मुलीबद्दल आपण ‘रमानं’, ‘राधाला’ म्हणतो. राधेला हे फक्त कृष्णाच्या राधेसाठी उरलंय. गोदा ठेवली तर तुम्ही ‘गोदेला’ म्हणणार की ‘गोदाला’? दोन्ही चालेल. ‘गोदेला दूध दे’ हे मात्र मला एकदा ऐकायचंय.

आता कागदपत्रं, कारण तिथेच लोक घाई करतात. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते, पण त्या नोंदीत बाळाचं नाव तेव्हाच द्यायला हवं असं नाही. नावाचा रकाना रिकामा ठेवता येतो. वर्षाच्या आत नाव कळवलं तर पैसे पडत नाहीत, त्यानंतर विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. एवढी मुभा असली तरी फार ताणू नका, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून मतदारयादी आणि वाहन परवान्यापर्यंत जन्मदाखलाच धरला जातो. एकदा नाव लागलं की बदलायला राजपत्राची वाट धरावी लागते. तेव्हा घरात एकमत होईपर्यंत रकाना रिकामा ठेवणं परवडतं, चुकीचं नाव घालून ठेवणं परवडत नाही.

महाराष्ट्रात आणखी एक बदल झालाय. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम आहे. म्हणजे नाव आता चार डब्यांची गाडी झाली. पुरुषोत्तम किंवा चंद्रभागा ठेवणार असाल तर चारही शब्द सलग मोठ्यानं म्हणून बघा, आणि एकदा फॉर्मच्या चौकोनांत लिहून बघा. आईचं नाव लगेच शेजारी येतं, तेही कानाला जुळायला हवं. गोदावरी आणि शेजारी भाचीचं दोन अक्षरी नाव छान बसतंय, आम्ही म्हणून पाहिलं.

इंग्रजी स्पेलिंग मात्र आधीच नक्की करा. ‘ज्ञ’ आणि ‘ळ’ ही जुन्या नावांतली सगळ्यात त्रासाची अक्षरं. ज्ञानदा डी-एन-वाय-नं लिहायची, जी-एन-नं की जे-एन-नं, यावर एका मुलीच्या तीन कागदांवर तीन रूपं मी स्वतः पाहिलीत. आणि तिचं नाव दुरुस्त होईपर्यंत दहावीचा फॉर्म अडलेला.

हे सगळं सांगून झाल्यावर भाचीनं फ्रिजवरचा कागद काढला, ‘गोदावरी’पुढचं प्रश्नचिन्ह खोडलं आणि खाली बारीक अक्षरात ‘हाक: गोदा’ लिहिलं. सासूबाईंनी निळं पेन हातात घेतलं होतं, ते तसंच टेबलावर ठेवलं. जावई लॅपटॉपवर इंग्रजी स्पेलिंग टाइप करत होते. त्यांना पुढच्या वर्षी कंपनी न्यू जर्सीला पाठवणार आहे.

“मावशी,” ते म्हणाले, “गोदामधली पहिली तीन अक्षरं बघा. जी, ओ, डी. तिकडे हिला सगळे गॉडा म्हणणार.”

कुणीच काही बोललं नाही. भाचीनं कागद परत फ्रिजवर लावला. काट नाही, प्रश्नचिन्हही नाही. नावाचा रकाना नगरपालिकेत अजून रिकामा आहे.